थंडी, धुकं, बर्फ आणि प्रवास: सोलापूरकर आम्हाला सारखे विचारतात ते प्रश्न

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या तिकीट बुकिंगच्या ऑफिसात फोन सुरू होतात. कुणाला दिल्ली-मथुरा करायचंय, कुणाला काश्मीरला बर्फ बघायचाय, कुणाची लेक टोरांटोहून लग्नाला येणारे. व्हॉट्सॲपवर येणारे व्हॉइस मेसेज ऐकले तर वीसेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे नंबर दिलाय.

१. सोलापुरात लख्ख ऊन पडलंय, पुण्यातही काही नाही, मग आमचं पुणे-दिल्ली विमान धुक्याने लेट कसं काय?

कारण तुमचं विमान पुण्यात उभंच नसतं. एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं, सकाळी दिल्लीहून पुण्याला, पुण्याहून परत दिल्लीला, तिथून अजून कुठेतरी, असं रात्रीपर्यंत. ते सकाळी दिल्लीत धुक्यात तीन तास अडकलं की पुढच्या सगळ्या फेऱ्या तेवढ्याच मागे सरकतात, म्हणजे संध्याकाळी बेंगळुरूला जाणाऱ्यालाही सकाळच्या धुक्याचा फटका बसतो. त्यात पायलट आणि क्रूच्या ड्युटीला तासांची मर्यादा असते, ती संपली तर विमान असून उडत नाही, दुसरा क्रू यावा लागतो. म्हणून फ्लाइटचं स्टेटस बघताना तेवढ्यावर थांबू नका, तुमचं विमान आधी कुठून येणारे तेही बघा. फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर ते दिसतं. ते दिल्लीतच उभं असेल तर बोर्डावर ‘ऑन टाइम’ लिहिलेलं असलं तरी ते वेळेवर येणार नाही हे तुम्हाला आधीच कळतं.

२. धुकं नेमकं किती असलं की विमान थांबवतात?

हवामान खात्याच्या हिशोबाने १००० मीटरच्या आतलंच दिसत असेल तर ते धुकं. २०० मीटरच्या आत आलं की दाट आणि ५० मीटरच्याही आत आलं की अतिदाट. विमानतळावर मात्र रनवेच्या कडेला यंत्रं बसवलेली असतात आणि पायलटला रनवेवर किती लांबचं दिसेल ते त्यावरून मोजतात, त्याला आरव्हीआर म्हणतात. आयएलएस म्हणजे रेडिओ सिग्नलने विमानाला रनवेपर्यंत आणणारी यंत्रणा, तिच्या साध्या प्रकारावर, म्हणजे कॅट वनवर, उतरायला साधारण ५५० मीटर तरी लागतात.

थंडीत उत्तरेत धुकं एवढं का पडतं हेही बरेच जण विचारतात. रात्री आभाळ मोकळं असतं, वारा पडलेला असतो, जमीन ओली असते. जमिनीतली उष्णता वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. वर गरम हवेचं झाकण बसलेलं असतं, त्यामुळे धूर आणि धूळही खालीच अडकते. सूर्य उगवला की लगेच धुकं जातं असं समजू नका, बऱ्याचदा उगवल्यानंतरचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट असतो.

३. दिल्लीत ती कॅट थ्री सिस्टीम आहे ना? मग अडचण काय?

आहे. कॅट थ्री म्हणजे त्याच आयएलएसची वरची पायरी, त्यातल्या कॅट थ्री बी मध्ये ५० मीटर आरव्हीआर असलं तरी उतरता येतं. पण त्यासाठी तीन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात, रनवेवर ती यंत्रणा, विमानात तशी सोय आणि पायलटचं तसं ट्रेनिंग. तिन्हीतलं एक जरी नसलं तरी विमान वरच घिरट्या घालतं नाहीतर दुसरीकडे जातं (प्रश्न ११). आणि उडायला सर्वसाधारणपणे १२५ मीटर लागतात, म्हणजे असं होऊ शकतं की विमानं उतरतायत पण एकही निघत नाहीये, आणि मग उभं करायलाच जागा उरत नाही.

शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, जमिनीवर विमानं हळू चालवावी लागतात. जिथे एरवी तासाला ढीगभर विमानं उतरतात तिथे ती संख्या बरीच खाली येते आणि रांग लागते. धुकं दहा वाजता गेलं तरी रांग संपायला दुपार होते. काउंटरवरच्या पोरीवर ओरडणारे लोक बघितलेत मी, तिच्या हातात यातलं काहीच नसतं हो.

४. होटगी रोडच्या आपल्या विमानतळाचं काय? इथे धुक्याचा त्रास होतो का?

दिल्लीसारखं दिवसेंदिवसाचं धुकं आपल्याकडे पडत नाही. पण आपल्याकडे कॅट थ्रीही नाही, त्यामुळे दिल्लीत ज्या धुक्यात विमान उतरेल त्याच्या निम्म्या धुक्यातही इथे थांबावं लागतं. जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, इतकी वर्षं वाट बघून आपल्याला हे मिळालंय, विमानतळाजवळच्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून केवढं रान पेटलं होतं ते सगळ्यांना आठवतंय. तेव्हा एखाद्या सकाळी विमान तासभर लेट झालं म्हणून लगेच ‘सोलापूरचं विमान म्हणजे असंच’ म्हणू नका. वेळापत्रक बदलत असतं, बुकिंगच्या दिवशीच बघा.

५. डिसेंबर-जानेवारीत कुठल्या वेळेची फ्लाइट घ्यावी?

दिल्ली, अमृतसर, लखनौ, वाराणसी, चंदीगड असेल तर तिथे दुपारी १२ ते ४ च्या दरम्यान पोचेल अशी. बेंगळुरू, चेन्नई, कोची असेल तर उलट, दिवसातली पहिली फ्लाइट घ्या, कारण ते विमान बहुतेक वेळा रात्रीच येऊन उभं असतं आणि त्याला उत्तरेचा फटका बसलेला नसतो. दिवसातली शेवटची फ्लाइट शक्यतो नकोच, ती रद्द झाली तर रात्र विमानतळावर जाते.

६. सकाळी साडेसहाची फ्लाइट आहे पुण्याहून. रात्री १ ला सोलापुरातून निघालं तर चालेल ना? रस्ता तर मोकळाच असतो.

नाही. या पानावर तुम्ही एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पुणे रस्ता साधारण २५० किलोमीटर, एरवी साडेचार-पाच तास. पण थंडीत याच रस्त्यावर सीनेचा पूल, भीमेचा पूल, मग उजनीचं बॅकवॉटर, असे पाण्याचे पट्टे लागतात. बाकी रस्ता स्वच्छ असतो आणि पुलाजवळ अचानक पांढरी भिंत उभी राहते. आणि हाच उसाच्या गाळपाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा ना चमकपट्टी, वेग ताशी १५-२०.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत भाच्याला सोडायला निघालो होतो. लांबोटीच्या पुलाच्या अलीकडे गाडीच्या बॉनेटच्या पुढचं दिसेना. ड्रायव्हर वयाने मोठे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, त्यांनी काच खाली केली आणि वेग एकदम कमी केला. आधी ओल्या पाचटाचा वास आला, मग ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली, आणि त्यानंतर, म्हणजे बघा, वास आणि आवाज दोन्ही येऊन गेल्यावर, उसाची टोकं समोरच्या काचेपासून दहा-बारा हातांवर दिसली. दिवा एकही नव्हता. आण्णा ऐंशीने चालवत असते तर मी आज हे लिहीत नसतो. पुढे एका ढाब्यावर गाडी घेतली, आठ वाजेपर्यंत चहा पीत बसलो, फ्लाइट गेली, दुसऱ्या दिवशीचं तिकीट दुप्पट पैशात काढलं. भाचा तेव्हा फुगून बसला होता. मला त्या पैशांचं अजिबात वाईट वाटत नाही.

हिशोब साधा आहे. ताशी ८० ने जाताना दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच गाडी तीसेक मीटर पुढे जाते, पूर्ण थांबायला सगळे मिळून ६०-७० मीटर लागतात. दिसतंय ५० मीटर. मग कसं जमणार? ताशी ४० ला हेच अंतर २५-३० मीटरवर येतं.

म्हणून पहाटेची फ्लाइट असेल तर आदल्या दिवशी उजेडात निघा, पुण्यात नातेवाईकाकडे नाहीतर स्वस्त लॉजवर झोपा. नाहीतर ट्रेनने जा. आणि ड्रायव्हरला ‘दादा, जरा पळवा की, फ्लाइट आहे’ असं म्हणू नका. तो तुमच्या शब्दाखातर पळवतो.

७. धुक्यात गाडीचे दिवे अप्पर ठेवायचे की डिपर? आणि चारही इंडिकेटर लावायचे का?

डिपर. अप्पर लावला की धुक्याच्या थेंबांवरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो आणि होतं तेही दिसेनासं होतं. फॉग लॅम्प असतील तर लावा. चारही इंडिकेटर चालत्या गाडीला नकोत, मागच्याला वाटतं गाडी उभी आहे आणि तुम्ही वळणार असाल तर तेही कळत नाही. डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरून चला. आतून काचेवर वाफ धरली तर कापडाने पुसत बसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा, मिनिटभरात साफ होते. थांबायचं झालं तर पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्याच्या आवारात थांबा, हायवेच्या कडेला कधीच नको, मागून येणारा तुमचे दिवे बघून तोच रस्ता समजतो आणि येऊन आदळतो.

दिल्लीहून मथुरा-आग्रा टॅक्सीने करणाऱ्यांसाठी: यमुना एक्सप्रेसवेवर १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी गाड्यांची वेगमर्यादा १०० वरून ७५ करतात. टॅक्सी सकाळी १० नंतरचीच ठरवा.

८. फ्लाइट धुक्याने लेट झाली तर जेवण, हॉटेल, पैसे काय मिळतं?

धुकं, बर्फ, वादळ हे कंपनीच्या हाताबाहेरचं धरतात, त्यामुळे नुकसानभरपाई म्हणून वेगळे पैसे मिळत नाहीत. पण भरपाई नाही म्हणजे काहीच नाही असं नसतं. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमात पुणे-दिल्लीसारखी अडीच तासांपर्यंतची फ्लाइट २ तासांच्या वर लेट झाली तर खाणं-पिणं द्यायला हवं. ६ तासांच्या वर लेट होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणारी फ्लाइट ६ तासांच्या वर लेट झाली, किंवा कुठलीही २४ तासांच्या वर गेली, तर राहायच्या सोयीचाही नियम आहे. न भांडता, नियमाचं नाव घेऊन मागा. दिलं नाही तर एअरसेवा या सरकारी ॲपवर तक्रार टाका, बोर्डिंग पास आणि बोर्डाचा फोटो जोडून.

आणि घरून काहीतरी न्याच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन दिवस टिकते, दिल्लीच्या गर्दीत रात्री ११ ला तुमच्या सासूबाईंना खायला देण्यासारखं दुसरं काही मिळेलच असं नाही. एक चादरही हातातल्या पिशवीत ठेवा, आपली सोलापुरी, मोठ्या बॅगेत नको, ती बॅग तेव्हा तुमच्याकडे नसते.

९. उद्या दाट धुकं पडणार असं बातम्यांत आलंय. मीच तिकीट कॅन्सल करून टाकू का?

थांबा. तुम्ही कॅन्सल केलं तर कॅन्सलेशनचे पैसे कापतात, कंपनीने कॅन्सल केलं तर पूर्ण परत मिळतात. धुक्याच्या दिवसांत बऱ्याच कंपन्या फुकट तारीख बदलून देतात, त्यांच्या साइटवर आधी ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत फारच गोंधळ झाल्यावर डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं की ३ तासांच्या वर लेट होईल अशी फ्लाइट आधीच रद्द करू शकता, त्यामुळे मेसेज आदल्या रात्रीही येऊ शकतो. तिकिटावर एजंटचा नाही, तुमचा स्वतःचा मोबाईल नंबर टाकलाय ना ते बघा. निम्म्या लोकांना मेसेजच पोचत नाही तो यामुळे.

१०. सोलापूर-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-दिल्ली दुसऱ्या कंपनीचं, स्वस्त पडतं. चालेल का?

उन्हाळ्यात चालेल. थंडीत मधे किमान पाच-सहा तास ठेवा. दोन्ही एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं लेट होऊन दुसरं चुकलं तरी पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट गेलं. परदेशात जाणाऱ्यांनी तर मुंबईला आदल्या दिवशीच पोचावं, रात्रीची सिद्धेश्वर किंवा वंदे भारत आहेच.

११. आमचं विमान दिल्लीऐवजी जयपूरला उतरवलं. तिथेच उतरून टॅक्सीने गेलं तर?

मनाने उतरता येत नाही. बऱ्याचदा विमान फक्त डिझेल-पाणी केल्यासारखं इंधन घेऊन धुकं कमी व्हायची वाट बघतं आणि परत उडतं. कंपनीने उतरायची परवानगी दिली तरी पोटातली बॅग मिळेल का हे आधी विचारा, नाहीतर तुम्ही जयपूरला आणि बॅग दिल्लीला. आणि जयपूर-दिल्ली रस्त्यावरही तेच धुकं असतं, तेव्हा प्रश्न ६ परत वाचा.

१२. मग रेल्वेच बरी ना?

दक्षिणेकडे जायचं असेल तर हो. दिल्लीसाठी कर्नाटक एक्सप्रेस सोलापुरावरून जाते, पण उत्तरेत धुकं असलं की तीही लेट होते. लोको पायलटकडे जीपीएसवर चालणारं धुक्याचं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती लांब आहे ते त्यात कळतं, तरीही वेग कमीच ठेवावा लागतो. गाडी ३ तासांच्या वर लेट असेल आणि तुम्हाला जायचं नसेल तर तुमच्या स्टेशनवरून गाडी सुटायच्या आधी टीडीआर, म्हणजे रिफंडचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे मिळतात. गाडी सुटून गेल्यावर भरला तर ते मिळत नाहीत.

१३. जानेवारीत काश्मीर, मनाली, लेहला बर्फ बघायला जायचंय. अडकून पडू का?

पडू शकता, दोन दिवस जादा धरूनच जा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतो, सगळ्यात कडक थंडी. जोरात बर्फ पडला की श्रीनगरचा रनवे साफ होईपर्यंत बंद आणि जम्मू-श्रीनगर हायवेही दरडी आणि बर्फाने बंद. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर ट्रेन सुरू झालीये, तो एक चांगला पर्याय झालाय. लेहला विमानं मुख्यतः सकाळीच उतरतात, दुपारनंतर डोंगरातला वारा वाढतो, त्यामुळे सकाळ गेली की दिवस गेला.

मनालीला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी ऐका. सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फ पडला की शेकडो गाड्या रात्रभर अडकतात. आपल्या सवयीने ब्रेक दाबला की गाडी बर्फावर सरळ घसरत जाते. तिथली फोर बाय फोर गाडी, टायरला चेन आणि तिथलाच ड्रायव्हर घ्या. तो ‘आज नको’ म्हणाला तर नको. डिझेलही थंडीत घट्ट होतं, म्हणून तर इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं वेगळं डिझेल २०१९ मध्ये काढलं. इथून टाकी भरून नेलेलं तिथे चालेलच असं नाही.

१४. मुलगी टोरांटोहून निघाली, विमानात बसून दीड तास झाला तरी उडालं नाही, म्हणते पंखांवर कसलंतरी नारिंगी पाणी मारतायत. काळजीचं आहे का?

ताई, उलट ते मारतायत म्हणून निर्धास्त राहा. पंखावर बर्फाचा पातळ, खरखरीत थर जरी असला तरी पंखाला वर उचलणारा जोर कमी होतो. म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं गरम पाणी मारून तो काढतात, ते नारिंगी. मग हिरवा, दाटसर थर देतात, नवीन बर्फ धरू नये म्हणून. त्या थराचा असर ठरावीक मिनिटंच टिकतो, रांगेत जास्त वेळ गेला तर परत येऊन पुन्हा मारून घ्यावं लागतं. दीड तास त्यातच जातो. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये पंखांवर बर्फ असताना विमान उडवलं आणि ते पुलावर आदळून नदीत पडलं, ७८ माणसं गेली. म्हणून या बाबतीत कुणी घाई करू नये.

१५. तिकडे तर दरवर्षी बर्फ पडतो. मग विमानतळ बंद का पडतात?

जिथे रोज पडतो तिथे सहसा पडत नाहीत. हेलसिंकीला नांगरासारखी यंत्रं आणि ब्रश लावलेल्या गाड्या एका ओळीत फिरून रनवे साफ करतात. रनवेवर मीठ टाकत नाहीत, विमानाचा धातू खातं ते, तिथे पोटॅशियमची वेगळी रसायनं वापरतात. पण लंडनच्या हीथ्रोवर १८ डिसेंबर २०१० ला थोड्या वेळात बराच बर्फ पडला आणि विमानतळ बंद झाला. रनवेपेक्षा जास्त वेळ लागला तो उभ्या विमानांच्या आजूबाजूचा बर्फ काढायला, आणि पुढच्या काही दिवसांत ४००० च्या आसपास फ्लाइट रद्द झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या १६ हजारांच्या वर फ्लाइट रद्द झाल्या. बर्फ ओसरला होता, पण कुठला क्रू कुठे आहे हेच सिस्टीमला कळेना. प्रश्न १ मधलीच साखळी, फक्त देशभर पसरलेली.

युरोपातून सुटणारी फ्लाइट हवामानामुळे रद्द झाली तर भरपाई नसली तरी जेवण आणि हॉटेल कंपनीने द्यायचं असतं. अमेरिकेत रद्द झाली आणि पुढची फ्लाइट नको असेल तर रिफंड.

१६. मुलाने तिकडे नवीन गाडी घेतलीय, बर्फात चालवतो म्हणतो. काय सांगू त्याला?

सगळ्यात धोकादायक बर्फ दिसतच नाही. डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो, रस्ता नुसता ओला वाटतो. पूल आधी गोठतो, कारण त्याला खालूनही गार हवा लागते. रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पाणी शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही, पण उणे ९-१० च्या खाली साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. विंटर टायर लावून घे, गाडीत ब्लँकेट आणि पाणी ठेव, बर्फात अडकून गाडीतच बसायची वेळ आली तर इंजिन चालू करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ नाही ना बघ, नाहीतर विषारी वायू आत येतो. हे शेवटचं नक्की सांगा.

१७. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत काही वेगळं?

संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गावातले रस्ते बंद असतात. त्या दिवसांत स्टेशन किंवा विमानतळासाठी तासभर आधी निघा.

१८. घरात वाईट घडलंय, आजच्या आज दिल्लीला पोचायचंय, धुकं आहे. काय करू?

आधी आम्हाला फोन करा, रात्री कितीही वाजता. पुणे, हैदराबाद आणि मुंबई तिन्हीकडची दुपारी पोचणारी सीट बघतो, तिकडे जाताना वाटेत मोबाईलवर तिकीट येईल. हैदराबाद रस्ता साधारण ३०० किलोमीटर, पुण्यापेक्षा थोडा जास्त, पण तिकडून सीट मिळण्याची शक्यता असते, तेव्हा दोन्हीकडचं बघूनच गाडी काढा. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नका, डोळे रस्त्यावर असतात आणि डोकं नसतं. शेजारचा, मित्र, कुणीही घ्या सोबत. तिकडच्यांना फोन करून खरी वेळ सांगा, ‘निघालोय, पोचतोच’ असं नको, ‘संध्याकाळी ६ च्या आधी नाही’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे थांबायचं की नाही ते त्यांना ठरवता येतं.